अर्धा डोस, पूर्ण नोंद

विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी परिचारिका असलेल्या २६ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव, गाव, जिल्हा वगळला आहे. पावसाळ्यातल्या एका रात्री ११ महिन्यांचं, सात किलो वजनाचं बाळ तापाने फणफणलेलं वॉर्डात दाखल झालं. डॉक्टरांनी क्वार्टरवरून फोनवर सांगितलं, "पॅरासिटामॉल सिरप पाच एमएल, सहा-सहा तासांनी." स्टोअरमधून त्या आठवड्यात आलेली बाटली मात्र नेहमीच्या दुप्पट स्ट्रेंथची होती. ताईंनी चाचरत विचारलं, "सर, जास्त तर नाही ना होणार?" उत्तर आलं, "डॉक्टर तू आहेस की मी?" मग ताईंनी कुणाला न सांगता अर्धं, म्हणजे अडीच एमएल पाजलं आणि बाळाच्या औषधांच्या नोंदीच्या शीटवर 'पाच एमएल दिले' असं लिहिलं. बाळ तिसऱ्या दिवशी बरं होऊन घरी गेलं. ताई लिहितात, "मी बाळाचं भलंच केलं, तरी झोप लागत नाही. ऑर्डर पाळणं एवढंच आमचं काम असेल तर मी चुकले. नसेल तर डॉक्टरांपुढे बोलायची आमची पायरी कोणती?" घरीही एक पेच आहे. सातवा महिना लागलेली जाऊ कापूस वेचून आली की कंबर आणि डोकं धरून बसते, गोळी मागते. ताई नाही म्हणतात, तेव्हा सासूबाई ऐकवतात, "दवाखाना घरात हाय अन् सुनेले एक गोळी भेटत नाही."

सिस्टर,

वयाने तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या आहात. पण ही हाक मी वॉर्डात बत्तीस वर्षं ऐकली, म्हणून तुम्हालाही तीच मारते.

आधी हिशोब करू, कारण तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त तोच नाही. पॅरासिटामॉल लेकरांना एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सात किलोच्या बाळाला ७० ते १०५ मिलिग्रॅम. नेहमीच्या बाटलीत पाच एमएलला १२५ मिलिग्रॅम असतं, त्यातलं चार एमएल पुरलं असतं. नव्या बाटलीत पाच एमएलला २५०. म्हणजे सांगितलेला डोस किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या वर गेला. तुमची शंका शंभर टक्के बरोबर होती. अशा एका डोसाने विषबाधा झाली नसती. पण दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस, तेही तापाने अंगावरचं दूधसुद्धा नीट न घेणाऱ्या बाळाला असं चालत राहिलं, तर लिव्हरला इजा होऊ शकते.

आता तुमचं अडीच एमएल. ते झालं १२५ मिलिग्रॅम. लागत होतं दोन एमएल. फरक किरकोळ आहे, त्याने काही बिघडलं नसतं. तरी लक्षात घ्या, 'अर्धं' हा तुमचा अंदाज होता. डॉक्टरांनी बाटली न पाहता एक आकडा सांगितला, तुम्ही वजनाने न भागता दुसरा काढला. तुमचा आकडा नशिबाने जवळ पडला.

आणि मग शीट. रात्री दहाचा डोस तुम्ही दिला, पहाटे चारचाही तुम्हीच दिला असेल. सकाळी दहाचा कुणी दिला? मॉर्निंगच्या सिस्टरने ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा घेतला, शीटवर वाचलं 'पाच एमएल दिले, ताप उतरला', आणि तिने सरळ पाच एमएल भरलं. तिच्याकडे दुसरं काय होतं? डॉक्टरांनीही राउंडला तीच शीट पाहिली. त्यांना वाटलं, आपला डोस लागू पडला. पुढच्या बाळालाही ते पाच एमएलच सांगणार. तुमच्या पत्रात सकाळच्या त्या डोसाबद्दल एक ओळही नाही, आणि मला वाटतं, तुमची झोप तिथेच अडकली आहे.

तुम्ही दोनच वाटा मानल्या: मुकाट्याने द्यायचं, किंवा मुकाट्याने कमी द्यायचं. दोन्हींत 'मुकाट्याने' तसंच राहतं. शंका घेणं हे तुमच्या नोकरीबाहेरचं धाडस नाही. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी आपण घोकलेलं असतं: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. 'योग्य मात्रा' ताडून पाहायची असेल तर डॉक्टरांना विचारावंच लागेल, आणि तेवढी पायरी तुम्हाला त्या पाठानेच दिली आहे. औषध लिहिणं त्यांचं काम, ते लेकराच्या तोंडात जाण्यापूर्वी शेवटचं पाहणं तुमचं. तुमच्यानंतर तपासायला कुणी उरत नाही.

डॉक्टरांची बाजूही घेते जरा. रात्री क्वार्टरवरून फोन घेणाऱ्या माणसाला 'जास्त तर नाही होणार?' हा प्रश्न आपल्या अकलेवर शंका घेतल्यासारखा लागतो. त्यात त्याला नवी काही माहितीही मिळत नाही. बाटली बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चिडणं बरोबर नव्हतं, ते सोडा. पुढच्या वेळी असं बोलून पाहा: "सर, बाळाचं वजन सात किलो आहे. आज स्टोअरची बाटली २५० ची आली आहे. पाच एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम जाईल, १५ च्या हिशोबाने १०५ बसतं. दोन एमएल देऊ का?" यात वाद घालायला जागा नाही, फक्त 'हो' म्हणायचं उरतं. दहातले नऊ डॉक्टर म्हणतात, "हो हो, दोन दे." मग तुम्ही ते मोठ्याने परत म्हणायचं, "दोन एमएल, १०० मिलिग्रॅम, सहा तासांनी", आणि फोनवरची ऑर्डर म्हणून वेळेसकट लिहून सकाळी सही घ्यायची. फोनवरची ऑर्डर कधीही नुसत्या एमएलमध्ये घेऊ नका. एमएल बाटलीगणिक बदलतं, मिलिग्रॅम बदलत नाही.

दहावा डॉक्टर म्हणाला, "सांगितलं तेवढं दे" तर? तर देऊ नका, आणि 'दिलं' असंही लिहू नका. 'वजनाच्या मानाने डोस जास्त वाटल्याने दिला नाही, अमुक वाजता कळवलं' एवढं लिहा, इनचार्ज सिस्टरला उठवा, त्याही वर अधीक्षक आहेत. तोवर बाळाचे कपडे सैल करा, कोमट पाण्याने अंग पुसा, दूध चालू ठेवा. तापाचं औषध अर्धा तास उशिरा गेल्याने कुणाचं काही जात नाही.

पण हे तापाच्या औषधाबद्दल म्हणते आहे, सगळ्या औषधांबद्दल नाही. गरोदर बाईला झटके येताहेत, बीपी वर गेलं आहे, आणि सिस्टर झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचे अँप्युल हातात धरून 'डॉक्टर येऊ देत' म्हणून थांबली, असं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथे थांबणं हीच चूक. पहिला डोस १० ग्रॅम, पाच-पाच करून दोन्ही कुल्ल्यांत खोल स्नायूत देऊन मग बाईला पुढे पाठवायचं, ही परवानगी शासनाने उपकेंद्रातल्या एएनएमला, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सलासुद्धा दिलेली आहे. गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी पाहायची, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचं. औषधाची सुरक्षितता म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना हात आखडणं आठवतं. वेळेवर न दिलेलं औषधही चुकलेलंच औषध असतं.

आपल्याच गडचिरोलीचं घ्या. १९९०च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. तान्ह्या बाळाला सुई, तीही गावातली बाई देणार, म्हणून तेव्हा भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले, त्या गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. त्या बायकांजवळ डिग्री नव्हती. त्यांना लक्षणं ठरवून दिलेली होती, त्या बाळाचं वजन करत होत्या आणि केलेलं सगळं लिहीत होत्या. तुमच्याजवळ डिग्री आहे, वजनकाटाही असेलच.

वजनकाट्यावरून आठवलं. वजन केल्याशिवाय लेकराला डोस नको, हे आपल्या भागात जरा जास्तच खरं आहे. पुस्तकातल्या सूत्राने (महिने अधिक नऊ, भागिले दोन) ११ महिन्यांचं बाळ १० किलोचं असायला हवं. तुमचं होतं सात. मेळघाटात, झरी-जामणीकडे, एटापल्लीत अशी सात किलोची वर्षाची लेकरं नवी नाहीत. तिथे वयावरून डोस काढला की सगळ्यात अशक्त लेकराला सगळ्यात जास्त औषध जातं. काटा बिघडला असेल तर आईला लेकरासकट मोठ्या काट्यावर उभी करा आणि तिचं एकटीचं वजन वजा करा. बारीकसा फरक पडेल, पण वयापेक्षा बरं.

माझीही एक चूक सांगते, नाहीतर हे सगळं उंटावरून बोलल्यासारखं होईल. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी ओपीडीत एका आईला मी सांगितलं, "घरी तापाचं औषध आहे ना, मग अर्धा चमचा पाज." तिच्या घरी होते ड्रॉप्स. ड्रॉप्सच्या एका एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. तिने चहाच्या चमच्याने अर्धा चमचा पाजला, माझ्या शब्दावर. दोन दिवसांनी ती बाटली घेऊन आली तेव्हा मला दरदरून घाम फुटला. बाळ ठीक होतं. ती आई तर मलाच 'लई गुण आला सिस्टर' म्हणत होती. त्या दिवसापासून मी आईला बाटली आणायला सांगते आणि पाणी देऊन म्हणते, "किती पाजशील ते मला भरून दाखव." दोन मिनिटं लागतात. रांगेतली माणसं कुरकुरतात. कुरकुरू देत.

हे सदर वाचणाऱ्या आयांनीही हे धरून ठेवावं. सिरपसोबत मिळालेलं झाकण किंवा ड्रॉपरच वापरा, घरचा चमचा नको. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला नको. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं, एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच विरघळवा, 'थोडं-थोडं' करून कपात नाही, आणि झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. खोकल्याच्या सिरपबद्दल तर विचारूच नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथून जवळच, छिंदवाडा जिल्ह्यात, डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त लेकरं गेली. किडन्या निकामी झालेली कितीतरी बाळं नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाचच्या आतही सहसा नकोत, असं केंद्राने तेव्हा पुन्हा बजावलं. बाटलीतलं विष नुसतं पाहून आपल्याला कळणार नाही, सिस्टर. पण 'लेकराने लघवी कितीदा केली?' हा प्रश्न आपलाच आहे. सिरप चालू आहे आणि लघवी कमी झाली, असं दिसलं की बाटली, बॅच नंबरसकट जपून ठेवायची आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं. औषधाचा दुष्परिणाम कळवायला भारतीय औषधसंहिता आयोगाचा मोफत नंबर आहे, १८००-१८०-३०२४. त्यावर नर्सही कळवू शकते, डॉक्टरच लागतो असं नाही. आपल्यापैकी फार थोड्याजणींना हे माहीत आहे.

आता घर.

सासूबाईंच्या टोमण्यात थोडं तथ्य आहे, राग मानू नका. 'नाही' म्हणून तुम्ही मोकळ्या होता, पण जाऊबाईंचं दुखणं तिथेच राहतं. मग ती गोळी किराणा दुकानातून येते, नाहीतर बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या 'डॉक्टर'कडून. आणि ती बहुतेक डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या किडन्यांवर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत तर बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर बंद व्हायची, ती आधीच आवळायला लागते. हे जाऊबाईंना सांगा, सासूबाईंच्या समोर सांगा. "तुले गोळी नाही देत" आणि "ही गोळी बाळाले बाधते, म्हणून नको" यांत फरक आहे, आणि आजी होणाऱ्या बाईला तो लगेच कळतो.

पण मला कमरेपेक्षा डोक्याची काळजी वाटते. सातव्या महिन्यातली डोकेदुखी म्हणजे आधी बीपी. डोळ्यांपुढे अंधारी येते का? सकाळी उठल्यावर चेहरा, बोटं सुजलेली वाटतात का? पोटात वरच्या बाजूला दुखतं का? उपकेंद्रात बीपीचं यंत्र असतं. आधी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासा, मग डॉक्टरांनी सांगितलं तर पॅरासिटामॉल. गोळीने डोकं थांबलं असतं आणि बीपी तसंच राहिलं असतं. तुम्ही नाही म्हणालात ते योग्यच होतं, फक्त त्याचं कारण तुम्ही घरच्यांना आणि कदाचित स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिच्या सरकारी गोळ्याही एकदा पाहून घ्या. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम ती एकत्रच गिळत असेल, वर चहा. बहुतेकजणी तसंच करतात. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला अंगात शिरू देत नाहीत. कॅल्शियम जेवणासोबत, लोह दोन तास सोडून, लिंबूपाण्याबरोबर. शौचाला काळं होतं म्हणून गोळ्या गोधडीखाली जातात, तेही विचारा, रागावू नका. आणि आपल्या भागात एक प्रश्न विसरायचा नाही: सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का? सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला रक्त कमी दिसलं म्हणून लोहाच्या गोळ्या वाढवायच्या नसतात, अंगात लोह खरंच कमी आहे का ते आधी पाहावं लागतं. ती सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरिया घेत असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कळायला हवं.

याच्या उलट चूकही होते. मिरगीची, बीपीची, थायरॉइडची गोळी चालू असलेली सून गरोदर राहिली की घरातली मोठी बाई म्हणते, "आता गोळ्या-बिळ्या बंद." यातल्या काही गोळ्या खरंच बदलाव्या लागतात; मिरगीचं व्हॅलप्रोएट किंवा बीपीचं एनालाप्रिल, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही. पण बदलायच्या डॉक्टरांनी, आणि त्याही लगेच. मिरगीची गोळी मनानेच बंद करून शेतात झटका आलेल्या बाईला मी बैलगाडीतून उतरवून घेतलं आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या मलेरियाच्या भागात प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला नाही, म्हणून तिथे गोळ्या वाटताना 'पाळी कधी आली होती?' विचारायला लाजायचं नाही. आणि प्रसूतीच्या खोलीबाहेर "सुई मारून द्या ना सिस्टर, मोकळी होऊन जाईल" असं कितीही म्हणोत, कळा वाढवायची ऑक्सिटोसिनची सुई बाळ बाहेर येण्यापूर्वी आपल्या मनाने द्यायची नाही. गर्भपिशवी फाटते, बाळ गुदमरतं. तीच १० युनिटची सुई बाळ आल्यावर मात्र विसरायची नाही, रक्तस्राव तिनेच थांबतो.

शेवटी, झाल्या गोष्टीचं काय करायचं. माझं म्हणणं, इनचार्ज सिस्टरला सांगा. तुम्ही कंत्राटी आहात, वर्षाच्या शेवटी ऑर्डर नव्याने निघते, त्यामुळे बोलायची धास्ती वाटते, हे मला कळतं. बोलणी बसणार नाहीत, अशी हमी मी देऊ शकत नाही. पण सुरुवात बाटलीपासून करा: "सिस्टर, दोन स्ट्रेंथच्या बाटल्या एकाच कपाटात आहेत, त्यातून माझ्याकडून हे असं झालं." २०२१ च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ लेकरांना सॅनिटायझरचे थेंब गेले. लेकरं वाचली, कर्मचारी निलंबित झाले. निलंबनाच्या बातम्या झाल्या, पण पोलिओच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली आलीच कशी, यावर किती आरोग्य केंद्रांनी आपापली टेबलं आवरली, मला शंकाच आहे. तुमच्या वॉर्डात तेवढं तरी होऊ द्या. २५०च्या बाटल्या वेगळ्या खणात, झाकणावर लाल पेनने '२५०', आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद: पाच किलोपासून पंधरा किलोपर्यंत वजन, त्यासमोर दोन्ही बाटल्यांचं एमएल. डॉक्टरांकडूनच तो तपासून सही करून घ्या. ज्यांनी 'डॉक्टर तू की मी' विचारलं, त्यांच्याकडूनच. सही करताना ते दोन्ही रकाने वाचतील.

आणि जाऊबाईंचं बीपी उद्याच मोजा. १४०/९० किंवा वर आलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. किती आलं ते मला कळवा.